बापूदेव शास्त्री : काशीच्या गणकाने बदललेली साधने

वाराणसीतील बालाजी घाट रसिकांना ठाऊक आहे तो उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या रियाजामुळे. मात्र या घाटापासून पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटापर्यंतचा परिसर मराठी वैदिक व याज्ञिक कुटुंबांच्या वस्तीसाठीही ओळखला जातो. स्नानाची पर्वणी, एकादशी, श्राद्धतिथी असे सारे काही पंचांगावर चालणाऱ्या या नगरीत पंचांगाच्या गणिताची साधनेच बदलण्याचे धाडस १९व्या शतकात एका मराठी गणितज्ञाने केले. महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री हे त्यांचे नाव.

बापूदेवांचा जन्म १८२१ मध्ये झाला. त्यांचे मूळ नाव नृसिंह असे होते. घराणे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या टोके गावचे. शिक्षण मात्र नागपूरला झाले. तेथे मराठी शाळेत शिकत असतानाच त्यांनी ढुंढिराज मिश्र यांच्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती' आणि 'बीजगणित' या ग्रंथांचे अध्ययन केले. १८३८ मध्ये सिहोर येथील ब्रिटिश अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या दृष्टीस या मुलाची बुद्धिमत्ता पडली व ते त्यांना आपल्यासोबत सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत घेऊन गेले. 'सिद्धांतशिरोमणी' आणि युक्लिडची भूमिती यांचा अभ्यास तेथे एकत्रच चाले. पुढच्या आयुष्यातील बापूदेवांची सारी कामगिरी या दुहेरी शिक्षणावर उभी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. १८४० च्या दशकाच्या आरंभी काशीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली.

आज संगणकाची आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ आपल्या हाताला रुळलेली साधने सहजासहजी बदलत नाहीत. त्या काळच्या गणकांचेही तसेच होते. महाराष्ट्रातील बहुसंख्य ज्योतिषांचे साधन म्हणजे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये रचलेला 'ग्रहलाघव' हा ग्रंथ. त्रिकोणमितीतील ज्या व चाप यांचा आधार न घेता साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रहांची स्थाने काढण्याची सोय त्यात होती. गणकाने पायऱ्या पाठ कराव्यात व आकडे घालावेत. त्यामागील उपपत्ती ठाऊक नसली तरी उत्तर हाती येई. इतके सुटसुटीत साधन सोडण्यास कोण तयार होणार?

अडचण चंद्राच्या गतीची होती. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. जुन्या पद्धतीत चंद्राच्या गतीला एकच मोठा संस्कार दिला जाई. तो पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बऱ्यापैकी जुळत असे, त्यामुळे ग्रहणे बहुतांशी बरोबर येत आणि साधनावरचा विश्वास दृढ होई. अष्टमीच्या आसपास मात्र तिथीची वेळ कित्येक घटिकांनी चुकत असे. हा दोष सामान्य माणसाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते, कारण आकाशात ग्रहण दिसते, अष्टमीचा आरंभ दिसत नाही.

बापूदेवांनी वापरलेले नवे साधन होते इंग्लंडहून प्रसिद्ध होणारे नाविक पंचांग. समुद्रावरील जहाजांसाठी १७६७ सालापासून निघणाऱ्या या पुस्तकात सूर्यचंद्रांची स्थाने ग्रीनिचच्या वेळेनुसार आगाऊ दिलेली असतात. काशीची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या सुमारे ५ तास ३२ मिनिटे पुढे आहे. तो फरक घेऊन आणि सायन स्थानांतून अयनांश वजा करून तिथी-नक्षत्रे काढावी लागत. या पद्धतीने १८७० च्या दशकात बापूदेवांचे पंचांग काशीत प्रसिद्ध होऊ लागले. महाराष्ट्रात केरोपंत छत्रे यांनी १८६५ मध्ये याच मार्गाने आपले पंचांग सुरू केले होते.

वाद झाला तो केवळ अभिमानाचा नव्हता. परंपरेच्या हिशेबाने तिथी ५४ घटिकांहून लहान आणि ६५ घटिकांहून मोठी नसते व व्रतांचे निर्णय हीच मर्यादा गृहीत धरून झालेले. नव्या गणिताने तिथी कधी ५० घटिकांपर्यंत घटे, कधी ६७ घटिकांच्या जवळ पोहोचे. उपवास नेमका कोणत्या दिवशी करावा, हा प्रश्न त्यामुळे घराघरांत जाऊन पोहोचला. गणित शुद्ध असले तरी धर्मशास्त्राचे काय, या शंकेला केवळ आकड्यांनी उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

बापूदेवांनी जुनी साधने मात्र टाकून दिली नाहीत, हे विशेष म्हटले पाहिजे. बालाजी घाटावरून प्रवाहाच्या उलट दिशेने दशाश्वमेधाकडे गेल्यास मानमंदिर लागते. त्याच्या गच्चीवरील सवाई जयसिंहांच्या सम्राट यंत्र, दिगंश यंत्र आदी वेधयंत्रांचे वर्णन त्यांनी लिहिले. 'सूर्यसिद्धांता'चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासोबतच, १८४१ मध्ये निधन पावलेल्या विल्किन्सन यांचा 'गोलाध्याया'चा अनुवादही त्यांनी शुद्ध करून छापविला. (आदल्याच वर्षी अमेरिकेत 'सूर्यसिद्धांता'चा जो अनुवाद निघाला, त्याचे कर्ते एबेनेझर बर्जेस हेही एकेकाळी महाराष्ट्रात धर्मप्रसारक होते.) भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीच्या विचारात चलनकलनाचे तत्त्व आहे, असे त्यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. विल्यम स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये त्याची दखल घेतली. साम्य मान्य केले, दावा मात्र पूर्णपणे स्वीकारला नाही.

विद्यार्थ्यांसाठी त्यांनी संस्कृतात त्रिकोणमिती आणि हिंदीत बीजगणित लिहिले. हिंदी ग्रंथासाठी वायव्य प्रांताच्या सरकारने त्यांना २,००० रुपये व शाल दिली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने १८६४ मध्ये त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. १८७८ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब, तर १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली.

१८८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सुधाकर द्विवेदी आले. पंचांगाचा वाद मात्र पुढेही अनेक दशके चालू राहिला. १९५२ मध्ये केंद्र सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या अहवालात या समितीने धार्मिक पंचांगांसाठी आधुनिक ग्रहस्थितीतून ठरावीक अयनांश वजा करण्याची पद्धत सुचविली.