फादर स्टीफन्स : श्रद्धेचे अध्यापन आणि प्रश्नाचे स्थान

‘क्रिस्तपुराण’कार म्हणून मराठी वाङ्मयेतिहासात स्थान पावलेले फादर थॉमस स्टीफन्स हे प्रथमतः धर्मशिक्षक होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. तेथे कॅथलिक पंथीयांवर राजसत्तेचे कठोर निर्बंध होते. स्वदेश सोडून १५७५ मध्ये ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले. संघाच्या शिक्षणक्रमात तर्क व तत्त्वज्ञान आधी आणि ईश्वरविद्या नंतर असा क्रम असे. बुद्धीला स्वबळावर जे उमगते त्याला श्रद्धेने बाध येत नाही, उलट पूर्णता लाभते, ही थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील धारणा या क्रमाच्या मुळाशी होती.

१५७९ मध्ये स्टीफन्स गोव्यास आले. १६१९ मधील मृत्यूपर्यंत त्यांचे कार्य मुख्यत्वे सासष्टीत झाले. तेथील देवळे त्यापूर्वीच पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना ठार करून तिचा सूड घेतला. त्याच वर्षी भावाला धाडलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले रचनासाम्य नोंदविले. शिष्याची भाषा ही त्यांच्या लेखी अभ्यासाचा विषय होती. त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, तर गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून धर्मतत्त्वे मांडणारे कोकणी पुस्तक १६२२ मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या निधनानंतर, छापले गेले.

१६१६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’तही प्रश्नाला असेच स्थान आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा उगमच एका पृच्छेत दाखविला आहे. जुनी पुराणे निषिद्ध ठरविली, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो. पुढेही श्रोते शंका काढतात आणि गुरू त्यांचे निरसन करतो. आज्ञेने मान तुकविलेल्या समाजाला समजून घेऊन मानण्याची वाट या रचनेने दिली. परिचित ओवीछंद व पुराणपद्धती यांमुळे नवा आशय श्रोत्यांच्या बुद्धीला व भावनेला एकाच वेळी भिडू शकला.

तथापि या संवादाची मर्यादाही त्याच पृच्छेत दडलेली आहे. जुन्या पुराणांवरील बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न ग्रंथात खुला राहत नाही. बंदी गृहीत धरूनच संभाषण चालते. श्रद्धेपायी स्वदेशात जाच सोसणाऱ्या समाजातून आलेला हा शिक्षक परभूमीत जाच करणाऱ्या सत्तेच्या छायेत शिकवीत होता. श्रद्धेच्या शिक्षणात विवेकाला जागा देण्याचे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे; परंतु ती जागा किती रुंद असावी, हे ठरविण्याचा अधिकार शिष्याकडे नव्हता. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्याच वापरावर बंदी घातली, तेव्हा स्टीफन्स यांनी उघडलेली ही अरुंद वाटही अवघड झाली. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, त्याच शिष्यपरंपरेच्या हातून.