शिल्पकार कै. नानासाहेब करमरकर

पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा ज्याने पाहिला नाही असा मनुष्य आमच्या कारेगावच्या पंचक्रोशीत विरळा. परंतु शिल्पकाराचे नाव पुसता बहुतेक निरुत्तर होतात. म्हणून हा अल्प परिचय.

विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागनजीक सासवणे येथे झाला. बालपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवरायांचे चित्र रेखाटले. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले व त्यांच्या साह्याने हा खेड्यातील मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे कलकत्त्यास व्यवसाय करून त्यांनी लंडनलाही शिक्षण घेतले.

पुण्याच्या स्मारकाची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. १९२१ मध्ये कोनशिला बसली. १९२२ मध्ये महाराज निवर्तले. पुढे हे कार्य करमरकरांकडे आले. सुमारे साडेतेरा फूट उंच व आठ टन वजनाचा हा ब्रॉंझचा पुतळा त्यांनी एकसंध ओतविला. ओतकाम फसते तर सारे श्रम मातीमोल होते! १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले. लहानपणी भिंतीवर काढलेला तो स्वार आता धातूत उभा राहिला.

‘शंखध्वनी’सारखी शिल्पे घडवून, सिमेंटसारख्या स्वस्त द्रव्यातही कौशल्य दाखवून १९६७ मध्ये ते कैलासवासी झाले. सासवण्याचे त्यांचे राहते घर आता शिल्पालय आहे.

भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी आपण ज्ञातिबांधवांनी, विशेषतः आम्हा शिक्षकांनी, त्या रेघा एकवार नीट पाहाव्यात, एवढीच विनंती.