खाट रिकामी करा, रुग्ण पुसू नका

आहुप्याच्या डोंगरातली एखादी गरोदर बाई घोडेगावला तपासणी करून बाळंतपणासाठी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल झाली, असे समजा. वॉर्डातल्या संगणकावर तिचे नाव, रक्तगट, पेनिसिलिनची ॲलर्जी आणि खाट क्रमांक एकाच ओळीत दिसतो. प्रत्यक्षात ही माहिती दोन तक्त्यांत असू शकते. एक तक्ता रुग्णांचा, दुसरा खाटांचा. दोन्हींतून जुळवून दाखवलेल्या अशा दर्शनी तक्त्याला ‘व्ह्यू’ म्हणतात. माहिती अशी साध्या तक्त्यांत मांडण्याचा विचार एडगर फ्रँक कॉड यांचा.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकून १९४८ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि आयबीएममध्ये प्रोग्रॅमर झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या संशयाच्या राजकारणाला वैतागून १९५३ मध्ये त्यांनी देश सोडला व काही वर्षे कॅनडात काढली. परतल्यावर, चाळिशी ओलांडलेली असताना, १९६५ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी साठवलेली माहिती काढायची, तर ती यंत्रात कोणत्या वाटेने पोहोचते हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावे लागे. वाट बदलली की प्रोग्रॅम कोलमडे. १९७० मध्ये कॉड यांनी एका निबंधात तक्त्यांची गणिती रचना मांडली. माहिती कुठे ठेवली आहे याची काळजी यंत्राने करावी, काय हवे एवढेच माणसाने सांगावे, हे तिचे सार. आयबीएमचे जुन्या पद्धतीचे उत्पादन चांगले खपत असल्याने कंपनीने घाई केली नाही. तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी या विचारावर आधारलेली, पुढे एसक्यूएल नावाने रूढ झालेली भाषा घडवली. १९८१ मध्ये कॉड यांना संगणकशास्त्रातले सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

१९८५ मध्ये त्यांनी खऱ्या डेटाबेसची पारख करणारे नियम प्रसिद्ध केले. त्यांतला सहावा असा, की जो व्ह्यू तत्त्वतः बदलता येतो, तो यंत्राला बदलता आलाच पाहिजे. नियम सरळ वाटतो. अडचण वॉर्डात कळते. बाळ-बाळंतीण घरी गेली आणि परिचारिकेने पडद्यावरची ती ओळ काढली, तर यंत्राने काय समजावे? खाट मोकळी झाली, की रुग्णाची नोंदच पुसायची? दुसरा अर्थ घेतला तर ॲलर्जीची नोंदही जाईल. पुढच्या खेपेला तीच बाई तापाने बेशुद्धावस्थेत आली, तर तिला पेनिसिलिन देऊ नये हे सांगणारे काहीच उरणार नाही.

कोणताही व्ह्यू दिला तरी तो बदलता येईल की नाही, हे अचूक ठरवणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही, असे १९८८ मध्ये बफ या अभ्यासकाने दाखवून दिले. कॉड यांनीही १९९० च्या आपल्या पुस्तकात हा नियम सुधारून मांडला.

व्यवहारात यावर उपाय निघाला तो ट्रिगरचा. ट्रिगर म्हणजे ठरावीक घटना घडताच आपोआप चालणारी आज्ञावली. यातला एक प्रकार मूळ आज्ञेच्या जागी स्वतः काम करतो. एसक्यूएलच्या २००८ च्या प्रमाणकात त्याला स्थान मिळाले. वॉर्डाच्या व्ह्यूवर तो असा लिहिता येतो: ओळ काढण्याची आज्ञा आली की खाट मोकळी करा, घरी सोडल्याची तारीख नोंदवा, रुग्णाच्या तक्त्याला हात लावू नका. परिचारिकेला मागचे दोन तक्ते ठाऊक असण्याची गरज राहत नाही. मात्र घरी सोडणे म्हणजे नेमके काय, हे ट्रिगर लिहिणाऱ्याला वॉर्डातल्या माणसांकडूनच समजून घ्यावे लागते. ते यंत्राला आपणहून कळत नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील राहत्या घरी हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. बँकेचे पासबुक, रेल्वेचे आरक्षण आणि रुग्णालयातली नोंद यांच्यामागे आज बहुतेक ठिकाणी त्यांचेच तक्ते असतात.