सम्राट दुसरे जोसेफ : व्हिएन्नाच्या संगीताचे काटकसरी आश्रयदाते

ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यात संगीत हा राजशिक्षणाचाच भाग होता. महाराणी मारिया थेरेसा यांचे पुत्र दुसरे जोसेफ यांचा जन्म १३ मार्च १७४१ रोजी व्हिएन्ना येथे झाला. ते स्वतः चेलो उत्तम वाजवीत. १७६५ मध्ये ते सम्राट झाले. मात्र संपूर्ण सत्ता हाती आली ती मातेच्या निधनानंतर, १७८० मध्ये.

इटालियन ऑपेराचा बोलबाला असलेल्या या नगरीत त्यांनी राजवाड्यालगतच्या बुर्गथिएटरला १७७६ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहाचा दर्जा दिला आणि जर्मन संगीतनाटकांना रंगमंच मिळवून दिला. पुढे मोझार्टचा ‘फिगारोचा विवाह’ हा इटालियन ऑपेराही १७८६ मध्ये येथेच सादर झाला. विशेष म्हणजे, ज्या फ्रेंच नाटकावर तो बेतला होता, त्याच्या जर्मन प्रयोगास सम्राटांनीच मनाई केली होती.

रसिकता होती, पण हात सढळ नव्हता. १७८७ मध्ये ग्लुक यांच्या निधनानंतर मोझार्टची दरबारी नेमणूक झाली, ती वार्षिक ८०० गुल्डेनवर. ग्लुक यांना २,००० मिळत. चर्चमधील वाद्यवृंदांवरही निर्बंध आले.

१७८८ मध्ये तुर्कांशी सुरू झालेल्या युद्धाने खजिना आणि प्रकृती दोन्ही खालावली. हंगेरीतील बहुतेक सुधारणा मागे घेऊन २० फेब्रुवारी १७९० रोजी जोसेफ निवर्तले. बॉनमधील १९ वर्षांच्या बेथोव्हेनने त्यांच्यासाठी शोकसंगीत रचले. त्याचे पहिले सादरीकरण व्हिएन्नात झाले, तेही १८८४ मध्ये.