घराच्या उंबऱ्यापर्यंत तालीम पोहोचवणाऱ्या नाना अस्माऊ

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की आपल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. नर्सरी कुठली, फी किती, मीडियम कोणतं, मदरशात कधीपासून बसवायचं? या धावपळीत ज्या बाईच्या मांडीवर ते मूल बोलायला शिकलं, ती आई मात्र बाजूला पडते. आपल्याला कुठे काय येतं, आपण काय शिकवणार, असं म्हणून ती स्वतःच मागे सरते. हे आम्ही कितीतरी घरांत पाहिलं आहे, खेड्यापाड्यांत तर जास्तच.

अशा आयांसाठी आज आम्ही एका थोर मुस्लिम स्त्रीची जीवनकहाणी सांगणार आहोत. ही कहाणी पश्चिम आफ्रिकेतली, आज ज्याला नायजेरिया म्हणतात त्या देशाच्या वायव्य भागातली आहे. काळ सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा आणि नाव नाना अस्माऊ. आपल्याकडे नाना म्हटलं की आईचे वडील डोळ्यांसमोर येतात. तिकडच्या हौसा लोकांत मात्र ‘नाना’ हे बाईमाणसाला मानाने लावायचं संबोधन आहे. अस्माऊ म्हणजे आपलं अस्मा.

इल्मच्या घरात जन्म

अस्माऊंचा जन्म १७९३ साली देगेल या गावी झाला. त्या जुळ्या होत्या, बरोबरच्या भावाचं नाव हसन. तिथल्या रिवाजाप्रमाणे हसनच्या जुळ्या बहिणीचं नाव हुसैना ठेवायला हवं होतं. पण वालिदांनी नाव ठेवलं अस्मा. हजरत अबू बकर (रजि.) यांच्या त्या धाडसी कन्येचं हे नाव, जिने हिजरतच्या वेळी सौर गुहेत अन्न पोहोचवलं होतं. मुलीनं मोठेपणी काय करावं याची वालिदांना तेव्हाच काही कल्पना होती की काय, असं लोक पुढे म्हणू लागले.

वालिद म्हणजे शेहू उस्मान दान फोदियो, त्या भागातले मोठे आलिम आणि सुधारक. पण खुद्द शेहूंचे पहिले उस्ताद कोण होते? त्यांची आई हव्वा आणि आजी रुकय्या. या घराण्यात लहान मुलांचा पहिला धडा बायकांकडूनच होत असे. शिकवणं हे बायकांचं काम नाही असं तिथे कुणाच्या मनातही येत नसे, उलट लहान लेकरांना बायकांनीच शिकवायचं असा दस्तूर होता. अस्माऊसुद्धा अशाच वाढल्या. घरात किताबांचा मोठा साठा होता. कुरआन, हदीस, फिकह यांचा अभ्यास झालाच, शिवाय चार भाषा आल्या : घरची फुलफुल्दे, इल्मची अरबी, बाजारहाटाची आणि शेजारपाजारची हौसा, आणि वाळवंटातल्या तुआरेग लोकांची तमाशेक.

शेहू गावोगाव फिरून वाज करत. सामान्य माणसाला अरबी कळत नाही, म्हणून ते लोकांच्या बोलीत पद्यं रचून म्हणत. एका गोष्टीवर ते फार चिडायचे. त्यांनी आपल्या एका किताबात त्या काळच्या आलिमांना खडसावलं आहे की तुम्ही दिवसभर शागिर्दांना शिकवता आणि स्वतःच्या बायका-मुलींना मात्र अडाणी ठेवता. वापरून वापरून फुटलेलं भांडं टाकून द्यावं, तशी त्यांची गत करता. लहानगी अस्माऊ अशा घरात वाढत होती.

हिजरत, लढाई आणि संसार

अस्माऊ दहा-अकरा वर्षांच्या असताना घरादारावर संकट आलं. गोबिरच्या राजाशी शेहूंचं बिनसलं आणि १८०४ च्या फेब्रुवारीत सगळ्या जमातीला देगेल सोडून गुदूकडे हिजरत करावी लागली. बायका, मुलं, गुरंढोरं, किताबांची गाठोडी, सगळं घेऊन लोक निघाले. पुढची चार वर्षं लढाईत गेली. भूक, आजारपण, जवळच्या माणसांचे मृत्यू, हे सारं या मुलीनं कोवळ्या वयात पाहिलं. १८०८ साली गोबिरची राजधानी अल्कलावा पडली आणि सोकोतोची खिलाफत उभी राहिली.

याच धामधुमीत अस्माऊंचा निकाह गिदादो यांच्याशी झाला. गिदादो हे अस्माऊंचे भाऊ मुहम्मद बेल्लो यांचे जिवलग दोस्त. १८१७ मध्ये शेहूंचा इंतिकाल झाला, त्याच वर्षी जुळा भाऊ हसनही गेला. बेल्लो खलीफा झाले, गिदादो त्यांचे वजीर. म्हणजे अस्माऊ खलीफाची बहीण आणि वजीराची बेगम. मोठा वाडा, मुलंबाळं, आल्यागेल्यांची वर्दळ, दुष्काळात दाराशी येणारे गरजू, हा सगळा पसारा त्यांनी सांभाळला. आणि त्यातूनच लिहिणं-शिकवणं चालू ठेवलं. वजीराच्या बेगमेला वेळ कुठून मिळायचा, असा प्रश्न आम्हालाही पडला. पण आपल्या घरातल्या कामसू बायका बघितल्या की उत्तर मिळतं.

प्रश्न गावाकडच्या बायकांचा होता

राज्य तर आलं. पण राज्य आल्यानं माणसं बदलत नाहीत. सोकोतो शहरातल्या आलिमांच्या घरांतल्या बायका शिकलेल्या होत्या. भोवतालच्या खेड्यांत काय होतं? ज्वारी-बाजरी खाणारा तो मुलूख. बायकांचा दिवस उखळ-मुसळात, पाणी भरण्यात, शेतात आणि लेकरांत जायचा. नमाज कशी पढावी, वजू कशी करावी हे अनेकींना धड माहीत नव्हतं. आजारपण आलं, मूल दगावलं, की त्या बोरी नावाच्या भुताखेतांच्या पंथाकडे धाव घेत.

यात युद्धात पकडून आणलेल्या बायकाही होत्या. त्या जमान्यात गुलामगिरी होती आणि सोकोतोतही होती, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काल ज्यांचे भाऊ-नवरे लढाईत मेले, त्या बायका आज विजेत्यांच्या घरात राबत होत्या. त्यांची भाषा वेगळी, मनात कडवटपणा. या बायकांच्या मांडीवरच पुढची पिढी वाढणार होती. नव्या राज्याला ही माणसं आपली करून घेण्याची गरज होती आणि अस्माऊंच्या कामामागे हाही विचार होता. पण तलवारीने जे होणार नाही ते आईच्या मार्फत होईल, हे त्यांनी ओळखलं.

अडचणी तर ढीगभर. लेकुरवाळी बाई घर सोडून सोकोतोला शिकायला येणार कशी? गावात शिकवायला परका पुरुष चालणार नाही. किताबं अरबीत, आणि बाईला अक्षरओळख नाही. मग करायचं काय?

यान तारू आणि गवताची टोपी

१८३० च्या सुमारास अस्माऊंनी एक व्यवस्था उभी केली. तिचं नाव ‘यान तारू’, म्हणजे एकत्र जमणाऱ्या बायका. प्रत्येक गावातून एक वयस्क, समजूतदार, लोकांचा भरवसा असलेली बाई निवडायची. तिला म्हणायचं ‘जाजी’. हौसा भाषेत जाजी म्हणजे व्यापारी काफिल्याचा वाटाड्या. वाळवंटातून, चोराचिलटांतून माणसं सुखरूप नेणारा तो जाजी. हा मानाचा शब्द अस्माऊंनी गावच्या बाईला दिला.

जाजी आपल्या गावातल्या बायकांचा जथा घेऊन सोकोतोला यायची. यात बहुतेक मूलबाळ मोठं झालेल्या प्रौढ बायका आणि लग्नाआधीच्या लहान मुली असत. तान्ही मुलं असलेल्या आया गावातच राहत, त्यांच्यापर्यंत तालीम जाजीच घेऊन जाणार होती. येताना या बायका धान्य, लोणी, कापड असं जमेल ते आणत आणि अस्माऊ त्यातून गोरगरिबांची नड भागवत. बायका अस्माऊंच्या घरी राहत, ऐकत, विचारत, पाठ करत. मग परत निघत.

जाजीला निशाणी म्हणून मिळायची ‘मल्फा’, गवताची विणलेली मोठी टोपी, आणि तिला बांधायला लाल कापडाची पट्टी. ही टोपी का? गोबिरमध्ये बायकांची प्रमुख असलेली आणि बोरीचे विधी करणारी बाई अशीच टोपी घालायची. गावच्या बायकांना त्या टोपीचा मान ठाऊक होता. अस्माऊंनी तो मान काढून घेतला नाही, त्याला नवा अर्थ दिला. आता ती टोपी दिसली की लोक ओळखायचे, ही शिकवणारी बाई आहे, हिला वाट द्या.

यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की शिकवणारी बाहेरून आलेली नव्हती. ती गावचीच होती. तिला कुणाच्या घरात कोण आजारी, कुणाचं मूल हट्टी, कुणाची सासू कडक, हे सगळं माहीत होतं. 

गाण्यातून तालीम

अक्षर न येणाऱ्या बाईला शिकवायचं साधन काय? गाणं. आपल्याकडे जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. हौसा बायकांचंही तसंच, हात कामात आणि ओठांवर गाणं. रात्री आजीभोवती पोरं गोळा होऊन गोष्टी ऐकतात, मुली टाळ्या वाजवत, फेर धरून गाण्याचे खेळ खेळतात. त्या समाजात गाण्यातून शिकवणं कुणाला परकं वाटलं नाही.

अस्माऊंनी पद्यं रचली ती अशी, की ताल आणि यमक धरून ती चटकन पाठ व्हावीत. कुरआनच्या ११४ सूरहांची नावं त्यांनी एका पद्यात ओवली. ते फुलफुल्देतही केलं आणि हौसातही. नमाज, रोजा, जकात, माणसाने कसं वागावं, आखिरत, रसूलुल्लाह (स.) यांचं जीवन, शेहूंची हिजरत आणि लढाया, असे विषय त्यांनी पद्यात आणले. भाऊ बेल्लो यांनी पूर्वीच्या नेक आणि परहेजगार स्त्रियांवर किताब लिहिली होती. अस्माऊंनी ती पद्यात आणली आणि तिच्यात आपल्याच मुलखातल्या बायकांची नावं जोडली. म्हणजे ऐकणाऱ्या बाईला कळावं की थोर स्त्रिया फक्त मक्का, मदीना, बसऱ्यातच झाल्या नाहीत, आपल्या शेजारच्या आळीतही होत्या.

जाजी ही पद्यं पाठ करून गावी न्यायची, ओळीओळीने बायकांना म्हणून दाखवायची, अर्थ सांगायची. आणि आईच्या तोंडी बसलेलं गाणं मुलाच्या कानावर पडल्याशिवाय राहतं का? पाठीवर बांधलेलं तान्हं मूलही मुसळाच्या तालावर तेच ऐकणार. थोडं मोठं झालं की बोबड्या बोलात तेच म्हणणार. पुढे लाकडी पाटीवर शाईने आयत लिहून गिरवायची वेळ येते, तेव्हा सूरहांची नावं त्याच्या ओळखीची झालेली असतात. मुलाला शिकवायला वेगळी शाळा बांधावी लागली नाही. आई शिकली की ते घर शाळा झालं.

साध्या बायकांचा मान

अस्माऊंनी खलीफा आणि वजीरांवर मर्सिये लिहिले, तसेच साध्या बायकांवरही लिहिले. हव्वा नावाच्या एका जाजीची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. कडक उन्हाळा असो, पाऊस असो, सुगी असो की वाळवंटाकडून येणारं कोरडं धुळीचं वारं, ही बाई सदा वाटेवर, बायकांना घेऊन येतच असायची, असं त्या सांगतात. झहरा नावाच्या बाईचंही असंच. बाळंतपणात धावून जाणारी, मय्यतला गुस्ल देणारी ती बाई. या बायका गेल्यावर खलीफाची बहीण रडली आणि तिने त्यांची नावं कागदावर आणली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहेत. बालवाडीतल्या ताईचं, मोहल्ल्यात पोरांना कायदा शिकवणाऱ्या आपाचं नाव आपण कुठे लिहून ठेवतो?

१८३७ मध्ये बेल्लो गेले. त्यानंतर गिदादो आणि अस्माऊंनी शेहूंच्या आणि बेल्लोंच्या आठवणी जपण्याचं काम केलं. गिदादोही गेले. अस्माऊंचं लिहिणं मात्र शेवटपर्यंत थांबलं नाही. दूर मॉरिटानियाकडच्या एका आलिमाशी त्यांचा पद्यातून पत्रव्यवहार होता. त्यांच्या साठाहून अधिक रचना आज उपलब्ध आहेत. १८६४ साली त्यांचा इंतिकाल झाला आणि सोकोतोत वालिदांच्या कबरीजवळच त्यांना दफन करण्यात आलं.

टोपी अजून उतरलेली नाही

१९०३ मध्ये इंग्रजांनी सोकोतो घेतलं. राज्य गेलं, पण यान तारूचं काम थांबलं नाही. अस्माऊंनंतर ती धुरा त्यांच्या धाकट्या बहिणीने, मरियमने सांभाळली आणि पद्यं पिढ्यान् पिढ्या बायकांच्या तोंडी राहिली. विसाव्या शतकात सोकोतोच्या वजीर जुनैदू यांनी जपलेल्या हस्तलिखितांतून जीन बॉइड या अभ्यासक बाईंनी अस्माऊंचं लेखन जगापुढे आणलं. १९८५ मध्ये नायजेरियातल्या मुस्लिम महिला संघटनांनी मिळून ‘फोमवान’ हा महासंघ स्थापन केला. बालवाड्या आणि प्राथमिक शाळा चालवणाऱ्या या बायका आपला वारसा अस्माऊंपर्यंत नेतात.

आम्ही शाळेच्या विरोधात नाही. मुलांना चांगल्या शाळेत जरूर घाला. पण त्याआधीची पाच वर्षं कुणाच्या हाती आहेत, हे विसरू नका. मोहल्ल्यातल्या चार बायकांनी आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर बसावं, त्यातल्या जाणत्या बाईने एखादी दुआ, एखादी गोष्ट, एखादं गाणं शिकवावं, बाकीच्यांनी ते घरी न्यावं, एवढं तर आपल्याला जमेल? त्याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. लागते फक्त एक जाजी. ती प्रत्येक गावात असते, कधी आपल्याच घरात असते. तिला तिचा मान देण्याचं तेवढं आपल्याकडून राहून गेलं आहे.

अल्लाह नाना अस्माऊंची मगफिरत करो आणि आपल्या घराघरांतल्या आयांना इल्मची दौलत देवो. आमीन.