फादर थॉमस स्टीफन्स : परक्या देशाच्या बोलीचे सेवक

ज्या वाणीत आई आपले मूल निजविते ती वाणी कागदावर कधी उतरतच नाही, अशी स्थिती आमच्या देशात पुष्कळ समाजांची आहे. आमच्या कामतघरात व भिवंडीच्या आसपासच्या गावांत आगरी, कोळी, वारली, कातकरी इत्यादी बंधुभगिनी घरी एका वाणीने बोलतात आणि उपासनेत पुस्तक उघडले म्हणजे दुसरीच वाणी वाचतात. अशा तोंडी बोलीस लेखी रूप द्यावयाचे झाल्यास लिपी कोणती घ्यावी, कोणाच्या तोंडचा शब्द प्रमाण धरावा, आणि अवघड शब्दांचे काय करावे, हे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न नवे नाहीत. चारशे वर्षांपूर्वी गोमंतकात एका इंग्रज मनुष्याने ते हाती घेतले. त्यांचा पंथ आमच्याहून निराळा होता, तथापि त्यांचे चरित्र आमच्या वाचकांस, विशेषतः उपदेशकांस, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात देत आहो.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. १५७५ साली ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिल महिन्यात लिस्बन बंदरातून गलबतात बसून ते त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्यास उतरले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेल्या ज्या इंग्रजांची माहिती मिळते, त्यांत हे पहिले होत. १५८३ साली रॅल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले असता त्यांच्या सुटकेसाठी यांनी खटपट केली. एरवी त्यांचे पुढील बहुतेक आयुष्य गोव्यातील सासष्टी प्रांतात गेले. ही सासष्टी आमच्या ठाण्याजवळची नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. रायतूर येथील पाठशाळा हे त्यांच्या कार्याचे मुख्य ठिकाण होते, आणि १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला.

त्या काळी सासष्टीची स्थिती मोठी कठीण होती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि देशी पोथ्या नष्ट केल्या होत्या. लोक ख्रिस्ती झाले खरे, पण सणावारी व सायंकाळी ऐकावयास व गावयास त्यांच्यापाशी काही उरले नाही. जुनी पुराणे हातची गेली आणि नवे काही मिळेना, ही तक्रार स्टीफन्स यांच्या कानी आली. तिचे उत्तर म्हणून त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभु येशूचे चरित्र आहे.

भाषेविषयी त्यांनी केलेला विचार येथे नीट पाहण्यासारखा आहे. ग्रंथाची भाषा मराठी ठेवावी, कारण ईश्वराविषयीच्या गोष्टी सांगण्यास या देशीच्या भाषांत ती योग्य दिसते, असे त्यांचे मत होते. परंतु शुद्ध मराठी सामान्य माणसास कळत नाही, हेही त्यांनी पाहिले. म्हणून मागील कवींचे अवघड शब्द त्यांनी बाजूस ठेविले आणि ठिकठिकाणी तेथील ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोंकणीतील, सोपे शब्द मिसळले. हे सर्व त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे सांगितले आहे. ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे मात्र त्यांनी कोंकणीतच लिहिली, व ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. गायनासाठी ग्रंथभाषा आणि मुलांच्या शिक्षणासाठी घरची बोली, असा हा विभाग होता.

लिपीची अडचण याहून मोठी होती. देशी अक्षरांत छापावे अशी त्यांची फार वर्षांची इच्छा होती, आणि १६०८ साली त्यांनी आपल्या वरिष्ठांस तसे पत्रही लिहिले. परंतु युरोपात चोवीस अक्षरांनी जे काम होते, त्यास येथे जोडाक्षरे धरून सहाशे साचे लागणार. ते काम झाले नाही, म्हणून त्यांची पुस्तके रोमी लिपीतच निघाली. त्या लिपीत ण नाही व ळ नाही. तेव्हा न हे अक्षर दोनदा लिहून ण दाखवावा, ल दोनदा लिहून ळ दाखवावा, अशा युक्त्या योजिल्या गेल्या. गोष्ट लहान दिसते. परंतु एकच ध्वनी प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लिहिला तर दुसऱ्यास वाचता येत नाही. सर्वांनी एकच खूण मान्य केली म्हणजे मगच बोलीचे पुस्तक होते.

त्यांनी कोंकणीचे व्याकरणही रचले. पुढे दियोगु रिबैरु व इतर पाद्र्यांनी त्यात भर घातली आणि ते १६४० साली रायतूर येथे छापले. हिंदुस्थानी भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून सामान्यतः त्याचाच उल्लेख होतो.

या कार्यात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. प्रमाण म्हणून जी बोली धरली ती ब्राह्मणांची. नांगर धरणाऱ्याच्या व जाळे टाकणाऱ्याच्या वाणीस पुस्तकात तो मान मिळाला नाही. एक बोली निवडली म्हणजे दुसरी मागे राहते. निवड तर करावीच लागते. परंतु ती करताना मागे कोण राहिले याची आठवण ठेविली पाहिजे.

पुढे काय झाले ते ऐका. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. १६१६ च्या छापील पुराणाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तथापि गोवा सोडून कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या गाइले. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे त्याची पुन्हा छपाई झाली. कोंकणी तर देवनागरी, रोमी, कानडी, मल्याळी व अरबी अशा पाच लिप्यांत विभागली गेली, तरी मेली नाही. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळाले. छापखान्याने बोलीस रूप दिले, परंतु तिचा जीव राखला तो घरोघरी गाणाऱ्यांनी.

आता आमच्या उपदेशक बंधूंस एवढेच सुचवितो. शास्त्रातील एखादा शब्द लोकांस कळत नसेल, तर त्यांच्या घरच्या वाणीत त्यास काय म्हणतात हे विचारावे व वहीत लिहून ठेवावे. एकाच घरी विचारून थांबू नये. पाड्यावरच्या म्हातारीस, खाडीवरच्या कोळ्यास, मागावरच्या मजुरासही विचारावे. एक ध्वनी एकाच रीतीने लिहावा, आणि लिहिलेले त्याच माणसांपुढे वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याने मान डोलाविली तर तो शब्द ठेवावा, नाही तर खोडून पुन्हा विचारावे. स्टीफन्स समुद्र ओलांडून परक्याची बोली शिकले. आम्हांस तर फक्त शेजारच्या ओसरीपर्यंतच जावयाचे आहे.