बाबा आमटे : ओसाड माळरानापासून जंगलाच्या राखणीपर्यंत



उन्हाळ्यात आपला चंद्रपूर जिल्हा किती तापतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. झाडांचं महत्त्व या विषयावर मुलं दरवर्षी निबंध लिहितात. यंदा त्याआधी त्यांना बाबा आमटे यांची गोष्ट सांगा. आज दहावीत असलेली मुलं जन्मली तेव्हा बाबा हयात नव्हते. त्यामुळे ही गोष्ट आपणच सांगायला हवी.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला, एका श्रीमंत जमीनदार घरात झाला. वकील होऊन ते वरोऱ्याला आले आणि तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांचा संप झाला तेव्हा त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. शहराची जबाबदारी म्हणजे काय, हे त्यांनी असं हातांनी शिकून घेतलं. त्याच काळात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरोगी त्यांना दिसला. आधी ते घाबरून पळाले. मग स्वतःच्याच भीतीची लाज वाटून परत आले आणि त्याची सेवा केली. तिथून त्यांचं आयुष्य बदललं.

1949 मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याबाहेर खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन मिळाली. 1951 मध्ये बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये, एवढ्यावर आनंदवन सुरू झालं. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहीर खोदली, दगड वेचले, शेती केली, झाडं वाढवली. पण त्या हातांनी पिकवलेली भाजी घ्यायला गावातले लोक तयार नव्हते!

बाबांनी लोकांशी भांडण केलं नाही, काम चालू ठेवलं. 1954 मध्ये परदेशातून स्वयंसेवक आले, रुग्णांसोबत राहिले आणि त्यांनी इमारती बांधल्या. ते पाहून गावाची भीती हळूहळू कमी झाली. पुढे तिथे महाविद्यालयं निघाली आणि ज्या जागेकडे कुणी फिरकत नव्हतं, तिथे आसपासच्या गावांतली मुलं शिकायला येऊ लागली.

1973 मध्ये भामरागडजवळ हेमलकसा इथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पुढे इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं ठरली. त्यात जंगल बुडणार होतं आणि आदिवासींची गावंही. तेव्हा बाबांनी 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभारलं. 1984 मध्ये हजारो आदिवासी रस्त्यावर उतरले आणि ते प्रकल्प मागे पडले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना तेव्हा बसताही येत नव्हतं. ते आडवे पडून प्रवास करायचे.

9 फेब्रुवारी 2008 रोजी ते गेले. त्यांच्या देहाला अग्नी दिला नाही. आनंदवनाच्या मातीतच त्यांना पुरलं.

आता आपल्या शाळेकडे वळू. तुमच्या वस्तीतही बागेसाठी राखलेला एखादा मोकळा भूखंड असेल. आज तिथे कचरा पडत असेल, उद्या कदाचित तिथे दुकानं उभी राहतील. मुलांना तिथे घेऊन जा. जागा मोजू द्या, झाडं मोजू द्या. मग नगरपरिषदेला अर्ज लिहायला लावा आणि पालक म्हणून तुम्हीही त्यावर सही करा. अर्जलेखन अभ्यासक्रमात आहेच, तेव्हा खराखुराच अर्ज का लिहू नये? उत्तर आलं नाही, तर महिन्याने पुन्हा लिहा. बाबांच्या भाजीलाही गिऱ्हाईक पहिल्या दिवशी मिळालं नव्हतं.